उत्तरेकडच्या भिंतीजवळची टाकी

रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणाऱ्या बाईंचा फोन आला. यंदाचा विषय देशापुढचे प्रश्न, म्हणाल्या. घरच्या वीजबिलापासून शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांपर्यंत काहीही चालेल. "मेश्रामकाका, तुम्ही वीजवाले. तुम्ही बिलावर लिहा, शेजारी देशांवर एक प्राध्यापक लिहून राहिलेत." मी हो म्हटलं. शेजारी देशांतलं मला ओ की ठो कळत नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याबद्दल आणि त्याच्या बिलाबद्दल मात्र मला गरजेपेक्षा जास्त माहिती आहे. तेव्हा दोन्ही विषय एकाच लेखात आटोपतो.

मी एकतीस वर्षं मीटरं तपासली. घरोघर जाऊन आकडा लिहून नेतो तो रीडर. त्याचा आणि आमचा संबंध नाही. आम्ही तक्रार आल्यावर जाणारे. ग्राहक अर्ज करतो की माझं मीटर पळतंय. मग आम्ही त्याच्या मीटरच्या शेजारी आमचं एक खात्रीचं मीटर जोडतो. घरात जाणारी तीच वीज दोन्हींतून जाते. आठवडाभराने दोन्हींचे आकडे जुळवायचे. जुळले तर कागदावर लिहायचं, मीटर बरोबर आहे. घाईत असलो तर मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते घड्याळ लावून मोजायचं, तेवढ्यावरही अंदाज येतो. काम एवढंच. हुशारी लागते ती मीटरमागच्या माणसासाठी.

कारण स्वतःचं बिल जास्त आलं म्हणून माणूस अर्ज करत नाही. शेजाऱ्याचं कमी आलं म्हणून करतो. हे मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं.

पुरानी बस्तीतले दोन भाऊ आठवतात. मधोमध भिंत घालून घर वाटून घेतलेलं आणि एकाच फळीवर दोघांची मीटरं. थोरल्याचं बिल जास्त यायचं. त्याचा अर्ज आला, मी मीटर तपासलं, बरोबर निघालं. तो म्हणाला, "मेरा सही है तो छोटे का धीरे चलता होगा. उसका भी देखो." तेही पाहिलं, तेही बरोबर. मग त्याने हट्ट धरला की दोघांची मीटरं अदलाबदल करा. वरून मंजुरी आली आणि मी खरोखर धाकट्याचं मीटर थोरल्याला आणि थोरल्याचं धाकट्याला लावून दिलं. पुढच्या महिन्यात थोरल्याचं बिल पुन्हा जास्त. मी गेलो तर तो विजयी चेहऱ्याने दारात उभा. "देखा साहब? उसका मीटर भी हमारे यहाँ आते ही बिगड़ गया." त्याच्या जुन्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं आणि तो दिवसभर घरघरत होता. ते मी दोनदा सांगितलं. त्याला ते ऐकण्यात रस नव्हता.

अभनपूरच्या बाजारात तर एक मिठाईवाला भेटला, त्याची तक्रार होती की बिल फार कमी येतं. एकतीस वर्षांत असा अर्ज एकच. समोरच्या मिठाईवाल्याने नवी काचेची थंड कपाटं घेतली होती आणि तो आपलं भलंमोठं बिल गल्ल्याजवळ टांगून ठेवायचा. येणारं गिऱ्हाईक ते बघून म्हणायचं की याचा धंदा जोरात दिसतो. आमच्या अर्जदाराला त्यामुळे घास गोड लागेना. मी मीटर तपासून बरोबर असल्याचं सांगितलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. परत येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

दुसऱ्याचा हेवा बघून हसायला मजा येते. मी एकतीस वर्षं हसलो. निवृत्त झालो आणि माझी पाळी आली.

बूढापाऱ्याच्या तलावापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. उत्तरेकडच्या भिंतीला लागून साहू गुरुजींचं घर. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले, माझ्याहून चार महिन्यांनी लहान, आवाज कधी वर चढत नाही. बावीस वर्षं आमची गच्चीला गच्ची. ते मला भैया म्हणतात, मी त्यांना गुरुजी. पण साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, मी मीटरवाले साहब. महिन्याच्या सुरुवातीला बिलं आली की संध्याकाळी माझ्या ओट्यावर पाच-सहा जण हमखास. आधी डिझेल, मग गॅस सिलिंडर, मग शेजारचा कोणता देश काय करतो आणि आपण त्याला कसं वठणीवर आणावं, हे सगळं निकालात निघायचं. शेवटी खिशातून बिलं निघायची. मी चष्मा लावून वाचायचो आणि सांगायचो की तुझे युनिट इतके झाले म्हणून पुढचा दर लागला, तुझा पंप बघ, तुझी गिझरची तार बघ. लोक माना डोलवायचे. मला ते किती आवडत होतं ते तेव्हा कळलं नाही.

गुरुजींच्या पत्नीला, आमच्या भाभींना, दम्याचं जुनं दुखणं. दोन वर्षांपूर्वी ते वाढलं आणि डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनची मशीन लावायला सांगितलं. हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकाशी देणारी ती मशीन. दिवसातले बहुतेक तास चालू ठेवायची. आमच्या बैठकीच्या भिंतीतून तिची घरघर ऐकू यायची, सवयीने ती कानाआड झाली. अशी मशीन वीज किती खाते हे मी जाणून होतो. त्यातच अर्ध्या बिलाची सरकारी सवलत आखडली आणि गुरुजी माझ्याकडे बिल घेऊन आले. म्हणाले, "भैया, छत पर सोलर लगवा लूँ क्या? सरकार से भी कुछ मिल रहा है."

मी नको म्हणालो. नुसतं नको म्हणालो नाही, ओट्यावर सगळ्यांदेखत अर्धा तास भाषण दिलं. धूळ बसते, माकडं नाचतात, पाच वर्षांत भंगारात जातं. खरं कारण वेगळं होतं. आयुष्यभर मी घरात येणारी वीज मोजली. लोक घरातून वीज बाहेर पाठवायला लागले तर मीटरवाल्या साहेबांना विचारणार कोण, अशी धास्ती मला वाटली. हे मी त्या वेळी स्वतःशीही बोललो नाही.

गुरुजींनी सगळं ऐकलं, "हव भैया" म्हणाले, हव म्हणजे इथलं हो, आणि पुढच्या महिन्यात पॅनेल बसवले.

उन्हाळा सुरू होता. रायपूरचं ऊन म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. गुरुजींच्या दाराशी नवं मीटर लागलं, येणारी आणि जाणारी दोन्ही वीज मोजणारं. पहिलं बिल आलं ते जवळजवळ कोरं. पाऱ्यात बोंबाबोंब झाली. माझ्या ओट्यावरची मंडळी एकेक करून गुरुजींच्या गच्चीवर जायला लागली. गुरुजी मोबाइल काढून दाखवायचे, आज किती वीज तयार झाली, काल किती. मी माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने उभा राहायचो. कपडे वाळत घालणं बावीस वर्षांत मी कधी केलं नव्हतं. शोभा, म्हणजे माझी बायको, खालून विचारायची, "आज काहून एवढी कामं सुचून राहिली तुमाले?"

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. सकाळी त्यांच्या पॅनेलवर ऊन पडलं की मी चरफडायचो. ढग आले की बरं वाटायचं. पावसाळ्यात सलग आठ दिवस झड लागली तेव्हा मला जेवण गोड लागलं. त्यातून शोभा रोज टोचायची. "सगळ्या पाऱ्यानं लावलं. तुम्ही साहेब ना, तुम्ही काहून नाई लावलं?" मी म्हणायचो, विचार करून राहिलो. ओट्यावर तेवढं भाषण ठोकल्यावर आता मी पॅनेल लावले असते तर लोक काय म्हणाले असते?

पाऊस संपता संपता मी पाण्याची टाकी उंचावर चढवायचं काढलं. वरच्या न्हाणीघरात पाण्याला जोर नाही, ही शोभाची कित्येक वर्षांची तक्रार होती. लोखंडी घोडी करवून घेतली आणि टाकी तिच्यावर बसवली. उत्तरेकडच्या भिंतीजवळ. प्लंबर म्हणाला, "साहब, पाइप तो दक्षिण तरफ है, उधर सस्ता पड़ेगा." मी म्हटलं, इथेच ठेव. गच्चीला चार कोपरे होते.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या उत्तरेकडे लांबतात, हे चौथीतल्या मुलाला ठाऊक असतं. पॅनेलचं त्याहून पुढचं मला ठाऊक होतं. गुरुजींच्या साध्या जोडणीत ते एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली तर तेवढ्या एकाचीच वीज कमी होऊन भागत नाही, मागचेही अडतात. बूढापाऱ्याच्या गल्लीत एक स्कूटर आडवी झाली की मागची रांग थांबते, तसंच. दिवाळीनंतर माझ्या टाकीची सावली सकाळी दहाच्या सुमारास गुरुजींच्या पहिल्या पॅनेलवर चढायची आणि दीड वाजेपर्यंत एकेकावरून सरकत जायची. दिवसातलं सगळ्यात कामाचं ऊन तेवढंच. मी रोज वर जाऊन बघायचो. ते बघून बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

पौष लागला तेव्हा गुरुजी माझ्याकडे आले. बिल पुन्हा चढायला लागलं होतं. "भैया, कंपनी वाले बोलते हैं ठंड में थोड़ा कम होता है. पर ये थोड़ा नहीं है. एक बार मीटर देख दीजिए न. आप देख लेंगे तो मन को शांति होगी."

निवृत्तीनंतर दीड वर्षांनी कोणीतरी मला मीटर बघायला बोलावलं. मी माझी जुनी पिशवी काढली. चिमट्यासारखं तारेभोवती धरायचं यंत्र आणि घड्याळ घेऊन गेलो. दिव्याची लुकलुक मोजली, आकडे लिहिले, पुन्हा मोजली. गुरुजी शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून शेजारी उभे. मग म्हणाले, वरही बघून घ्या. आम्ही गच्चीवर गेलो. साडेअकरा झाले असतील. दुसऱ्या पॅनेलवर माझ्या टाकीची गोल सावली बसलेली. मी जोडण्यांवरून हात फिरवला, वायरी ओढून पाहिल्या, सावलीवर दोनदा वाकलो. गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "मीटर सही है, गुरुजी."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी हजारो वेळा लिहिलं असेल आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. त्या दिवशीही मीटरमध्ये काडीचा दोष नव्हता. भाभींनी नाकातली नळी बाजूला करून मला चहा आणि अनरसे दिले आणि मी ते खाल्ले.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी एकच्या सुमाराला मी बैठकीत पेपर वाचत होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की भिंतीतली घरघर नाही. शोभा शेजारून आली तशी सोफ्यावर बसली. मी विचारलं, वीज गेली का त्यांची?

"वीज नाई गेली. बंद करून ठेवतात मशीन. जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंत."

"काहून?"

"बिल वाढून राहिलं म्हणून. भाभी म्हणे, दुपारी पडूनच राहाचं असते तर कायले मशीन पाहिजे. ओठ पहा जाऊन तिचे, कसे काळे पडून राहिले." मग तिने विचारलं, "तुम्ही मीटर पाहून आले ना त्यांचं? काय निघालं त्यात?"

मी म्हटलं, मीटर बरोबर आहे.

शोभा माझ्याबरोबर पस्तीस वर्षं राहिली आहे. ती उठली, गच्चीवर गेली आणि पाच मिनिटांनी खाली आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "टाकी हलवा." एवढंच. त्यानंतर तिने मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

तरी मी त्या दिवशी उठलो नाही. वाचकांना वाटेल की मी तसाच धावत गेलो असेन. मी रात्रभर सबबी शोधत होतो. घोडी गंजली म्हणू की तळाला गळती लागली म्हणू. भाभींच्या ओठांची भीती वाटत होती, पण गुरुजींच्या गच्चीवर पुन्हा लोक जमतील आणि मोबाइल बघतील, हेही त्याच वेळी डोळ्यांसमोर येत होतं. माणसाच्या मनात या दोन गोष्टी एकदम राहू शकतात, हे मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सकाळी प्लंबरला बोलावलं. टाकी रिकामी केली, पण ती धरायला तिसरा माणूस हवा होता. आमची धडपड ऐकून गुरुजी मधला कठडा ओलांडून स्वतःच आले. बंडी काढून ठेवली आणि दोराचं टोक हाताला गुंडाळलं. "किधर ले जाना है, भैया?"

"दक्षिण की तरफ. इधर का घोड़ा जंग खा गया."

गुरुजींनी घोडीकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वीचा रंग तिच्यावर चकचकत होता. मग वळून आपल्या पॅनेलकडे पाहिलं, तिथे सावली नुकती चढायला लागली होती. ते सहज, वर्गात बोलावं तसं बोलले.

"मैं तो दिवाली के बाद से इस छाँव को देख रहा था. सोचा, इसी से तो नहीं हो रहा? आपसे पूछने ही वाला था. फिर उस दिन आप खुद ऊपर आए, छाँव के ऊपर झुककर सब देखा और कुछ बोले नहीं. तो मैंने मान लिया कि छाँव से कुछ नहीं होता. फर्क पड़ता तो भैया बोल देते."

प्लंबर दोर धरून थांबला होता. मला तिथेच सांगता आलं असतं की थोडा फरक पडत असेल, लक्षात आलं नाही, वयाने नजर गेली. गुरुजींनी ते मानलं असतं. पण मी नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून खरं निघालं.

"फर्क पड़ता है, गुरुजी. मुझे मालूम था."

 भाभींच्या खोलीची खिडकी जिन्याजवळ उघडते, तिकडे गुरुजींनी एकदा बघितलं. मग "हव" म्हणाले आणि दोर ओढायला लागले. टाकी दक्षिणेकडे नेऊन बसवली. त्यांनी बंडी खांद्यावर टाकली, मी चहाला थांबा म्हटलं, ते म्हणाले, शाळेतल्या एका जुन्या सोबत्याकडे जायचं आहे.

आठवड्यात त्यांची वीज सुधारली. दुपारची घरघर परत सुरू झाली, ती मी घड्याळ लावून ऐकली. भाभी आता बऱ्या आहेत, उन्हाळाही त्यांनी काढला. गुरुजींनी पाऱ्यात कोणाला चकार शब्द सांगितला नाही. उलट एकाने विचारलं तर म्हणाले, "भैया ने टंकी सरका दी, बहुत अच्छा हुआ." लोकांनी माझी वाहवा केली आणि ओट्यावर पुन्हा दोन-तीन जण येऊन बसायला लागले. माझ्या गच्चीवरही आता पॅनेल आहेत. शोभा बोलायला लागली.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या मीटरचा पडदा काही वेळ आकडाच दाखवेना. मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो, ते दाराशी उभे राहून मीटरकडे बघत होते. अशा मीटरचं काय होतं हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. मी कुंपणापाशी गेलो आणि म्हटलं, "मैं देख लूँ, गुरुजी?" पिशवी घरातच होती.

ते हसले. हसणं नेहमीचंच होतं. "आप क्यों तकलीफ करते हैं, साहब. फोन किया है, आदमी आता होगा."

तासाभराने कोणीतरी अनोळखी माणूस आला. नव्या नोकरीतला दिसत होता, यंत्र धरायची पद्धतही चुकीची. गुरुजी हात मागे बांधून त्याच्या शेजारी उभे राहिले. त्याने काहीतरी सांगितलं आणि गुरुजींनी पुन्हा न विचारता मान डोलावली. मग भाभींनी त्याला आत बोलावून बसवलं. मी झारी हातात धरून उभा होतो आणि आयुष्यात कोणाचा केला नसेल एवढा हेवा मी त्या माणसाचा केला.